क्रमांक, करार आणि तारण : मोबाइल क्रमांक कायम राखण्याच्या हक्काचा इतिहास

एका कंपनीची मोबाइल सेवा सोडून दुसरीची घेताना जुनाच क्रमांक कायम ठेवता येण्याच्या सोयीस आपल्याकडे 'नंबर पोर्टेबिलिटी' किंवा नुसते 'पोर्ट करणे' म्हणतात. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे एखादा तात्त्विक वाद असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. तथापि करार संपत आला असता, किंवा तो मुदतीपूर्वी मोडावयाचा असता, ग्राहक आणि कंपनी यांच्यात जो हिशेब उरतो, त्या हिशेबात क्रमांकाचे स्थान कोणते? देणे थकले असल्यास कंपनीने क्रमांक अडवून धरावा काय? म्हणजेच, क्रमांक हे देण्याचे तारण समजावे काय? या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. प्रस्तुत लेखात अमेरिका, ब्रिटन आणि भारत या तीन देशांच्या अनुभवावरून असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, या हक्काचा इतिहास हा मुख्यतः क्रमांक आणि करार यांच्या क्रमाक्रमाने झालेल्या फारकतीचा इतिहास आहे, आणि आपल्या देशात ही फारकत अद्याप पुरी झालेली नाही.

१. क्रमांक कोणाचा?

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली दूरध्वनी केंद्रे सुरू झाली, तेव्हापासून पुढे दीर्घकाळ दूरध्वनीचा क्रमांक हा वस्तुतः एका जागेचा क्रमांक होता. केंद्रातील विशिष्ट स्थानापासून विशिष्ट घरापर्यंत गेलेली तार, असा त्याचा अर्थ होता. बिऱ्हाड एका केंद्राच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेले की क्रमांक बदले. सेवा पुरविणारी संस्था एकच असल्यामुळे ती सोडून दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता, आणि म्हणून क्रमांकावर हक्क कोणाचा हा प्रश्नही उद्भवत नव्हता.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर ही स्थिती पालटली. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले, आणि देशात या सेवेचा आरंभ झाला. आता क्रमांक घराला चिकटलेला राहिला नाही, तो माणसाबरोबर हिंडू लागला. परंतु त्याचे दुसरे टोक कंपनीच्या हाती होते. शासन प्रत्येक परवानाधारक कंपनीस क्रमांकांची एकेक मालिका देई. मुंबईत ९८२०० ने आरंभ होणारा क्रमांक एका कंपनीचा आणि ९८२१० ने आरंभ होणारा दुसऱ्या कंपनीचा, हे त्या काळी जाणकारास पाहताक्षणी कळत असे. कंपनी सोडणे म्हणजे क्रमांक सोडणे, हे या रचनेतून आपोआपच निष्पन्न होई. दुकानाची पाटी, कार्यालयाचे पत्रशीर्ष, नातेवाइकांच्या वह्या या सर्व ठिकाणी तो क्रमांक पोहोचलेला असल्यामुळे असमाधानी ग्राहकही जागचा हलत नसे. करारातील कोणत्याही कलमापेक्षा हे बंधन बळकट होते, आणि ते कोठेही लिहिलेले नव्हते.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. शासनाने कंपनीस मालिका दिली, ती वापरण्यासाठी दिली होती. क्रमांक ही सार्वजनिक साधनसंपत्ती असून ती कंपनीच्या मालकीची होत नाही, आणि ग्राहकाच्याही होत नाही. मग कंपनीचा वापराचा अधिकार श्रेष्ठ की ग्राहकाचा, एवढाच प्रश्न उरतो. क्रमांक-वहनाच्या सर्व कायद्यांचे मूळ या प्रश्नात आहे.

२. अमेरिका : देणे वेगळे, क्रमांक वेगळा

या विचाराचा पहिला मोठा प्रयोग मोबाइलच्या क्षेत्रात झाला नाही. अमेरिकेत ८०० ने आरंभ होणारे क्रमांक व्यापारी पेढ्या वापरीत. या क्रमांकावर फोन करणाऱ्यास पैसे पडत नसत आणि पेढीची ओळख त्या क्रमांकाशी निगडित असे. १९९३ साली हे क्रमांक एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची मुभा मिळाली. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने स्थानिक दूरध्वनी कंपन्यांवर क्रमांक-वहनाचे बंधन घातले आणि त्याच वर्षी तेथील संघीय दळणवळण आयोगाने ते मोबाइल कंपन्यांनाही लागू केले. मोबाइलच्या बाबतीत १९९७ मध्ये सिंगापूरने आणि १९९९ मध्ये ब्रिटन, हाँगकाँग व नेदरलँड्स यांनी ही सोय प्रत्यक्षात आणली. अमेरिकेत मात्र मुदत वारंवार पुढे ढकलली गेली. कंपन्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले, तेथे त्यांना अपयश आले, आणि २४ नोव्हेंबर २००३ रोजी देशातील शंभर मोठ्या नगरक्षेत्रांत ही सोय सुरू झाली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना त्यापूर्वी काही आठवडे घडली. करार अपुरा असेल, मुदतपूर्व निर्गमनाचे शुल्क बाकी असेल किंवा बिल थकले असेल, तर क्रमांक सोडण्यास नकार देता येईल काय, असा वाद होता. ऑक्टोबर २००३ मध्ये आयोगाने नकारार्थी निर्णय दिला. कंपनीने आपले पैसे नेहमीच्या मार्गाने वसूल करावेत, त्यासाठी क्रमांक अडवू नये, असे त्या निर्णयाचे सार होते. ग्राहकाचे देणे यामुळे माफ झाले नाही, हे विसरता कामा नये. केवळ त्या देण्यासाठी क्रमांक तारण ठेवण्याची प्रथा रद्द झाली.

३. ब्रिटन : हक्क आणि कार्यपद्धती

ब्रिटनचा इतिहास दुसरी गोष्ट शिकवितो. हक्क मान्य होणे निराळे आणि तो सुखाने बजावता येणे निराळे. तेथे कंपनी बदलणाऱ्यास जुन्या कंपनीकडून एक संकेतांक मागून घ्यावा लागतो, त्यास 'पॅक' असे म्हणतात. हा संकेतांक नव्या कंपनीस दिला की क्रमांक तिकडे जातो. परंतु संकेतांक मागण्यासाठी ग्राहकास सोडून जावयाच्या कंपनीशीच बोलावे लागे, आणि तेथे त्याचे मन वळविण्याचे प्रयत्न होत. नियामक संस्था ऑफकॉमने नोव्हेंबर २००७ मध्ये ही रीत पालटून सर्व व्यवहार नव्या कंपनीमार्फत आणि अवघ्या दोन तासांत व्हावा असा निर्णय घेतला. व्होडाफोनने त्याविरुद्ध अपील केले आणि सप्टेंबर २००८ मध्ये स्पर्धाविषयक अपील न्यायाधिकरणाने तो निर्णय रद्द ठरविला. खर्च आणि लाभ यांचा हिशेब पुरेशा काळजीने मांडला नव्हता, हे त्याचे मुख्य कारण होते. २०११ पासून मुदत एका कामकाजाच्या दिवसावर आली, पण संकेतांक जुन्या कंपनीच्याच हाती राहिला.

कराराच्या अखेरीशी या रीतीचा निकट संबंध होता. क्रमांक दुसरीकडे गेल्यानंतरही जुन्या कंपनीस सुमारे महिनाभराची सूचना द्यावी लागे व तेवढ्या काळाचे शुल्क भरावे लागे. म्हणजे कित्येक ग्राहक एकाच वेळी दोन कंपन्यांस पैसे देत. १ जुलै २०१९ पासून ही स्थिती बदलली. ग्राहकाने ठराविक क्रमांकावर संदेश पाठविताच त्यास संकेतांक मिळू लागला. त्याच उत्तरात, करार मुदतीपूर्वी सोडल्यास किती रक्कम द्यावी लागेल, हेही कळविण्याचे बंधन कंपनीवर आले. हा संकेतांक ३० दिवस चालतो, आणि तो वापरला की जुना करार आपोआप संपतो. बदलाच्या दिवसानंतरच्या सूचनाकाळाचे शुल्क घेण्यास बंदी झाली. पुढे फेब्रुवारी २०२० पासून करार संपण्यापूर्वी १० ते ४० दिवसांच्या आत ग्राहकास तशी सूचना देणेही कंपन्यांना भाग पडले. या व्यवस्थेत बाहेर पडण्याची किंमत ग्राहकास आधी सांगितली जाते, पण ती भरेपर्यंत त्याची वाट अडविली जात नाही.

४. भारत : नकाराच्या कारणांची यादी

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००५ मध्ये या विषयावर विचारविनिमय सुरू केला आणि मार्च २००६ मध्ये शिफारस केली. शासनाची मार्गदर्शक तत्त्वे २००८ मध्ये आली, आणि सप्टेंबर २००९ मध्ये प्राधिकरणाचे विनियम प्रसिद्ध झाले. महानगरांसाठी ठरलेली ३१ डिसेंबर २००९ ही मुदत पाळली गेली नाही व ती अनेकदा वाढवावी लागली. अखेर २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ रोजी संपूर्ण देशात ही सोय उपलब्ध झाली. देशाचे दोन विभाग करून प्रत्येकी अकरा सेवाक्षेत्रांचे काम एकेका स्वतंत्र संस्थेकडे सोपविण्यात आले. कोणता क्रमांक आता कोणत्या कंपनीकडे आहे याची मध्यवर्ती नोंद ठेवणे आणि दोन कंपन्यांमधील देवघेव पाहणे हे या संस्थांचे कार्य होय. मुंबई व महाराष्ट्र ही दोन्ही क्षेत्रे पहिल्या विभागात आली.

ही दोन क्षेत्रे परवान्याच्या दृष्टीने भिन्न होती, याचा परिणाम मराठी ग्राहकास प्रत्यक्ष भोगावा लागला. महाराष्ट्र सेवाक्षेत्रात गोव्याचा समावेश होता, मुंबईचा नव्हता. आरंभी क्रमांक-वहन एकाच सेवाक्षेत्राच्या आत मर्यादित असल्यामुळे, पुण्याचा मनुष्य नोकरीनिमित्त मुंबईस कायमचा गेला, तर त्यास आपला क्रमांक मुंबईच्या सेवेत नेता येत नसे. पणजीस गेला असता मात्र ही अडचण नसे. राज्याच्या सीमा आणि परवान्याच्या सीमा यांतील ही विसंगती ३ जुलै २०१५ रोजी देशव्यापी वहन सुरू झाल्यावरच दूर झाली.

परंतु विनियमांचा खरा गाभा त्यांतील नकाराच्या कारणांत आहे. हक्काचा विस्तार किती, हे हक्क देणाऱ्या कलमापेक्षा तो नाकारण्याची मुभा देणाऱ्या कलमावरून अधिक अचूक कळते. सेवा घेतल्यापासून किंवा मागील बदलापासून ९० दिवस पुरे झाले नसल्यास, क्रमांकाविषयी वाद न्यायप्रविष्ट असल्यास, मालकीबदलाचा अर्ज चालू असल्यास नकार देता येतो. यांशिवाय दोन कारणे प्रस्तुत प्रश्नाशी थेट संबंधित आहेत. एक, नेहमीच्या बिलचक्राप्रमाणे निघालेल्या बिलाची थकबाकी. दुसरे, ग्राहकाच्या करारात बाहेर पडण्याचे कलम असून त्याची पूर्तता न होणे. इतकेच नव्हे, तर बदल झाल्यानंतरही जुन्या कंपनीचे अखेरचे बिल भरले नाही, तर तिच्या मागणीवरून नव्या कंपनीने सेवा बंद करावी अशीही तरतूद करण्यात आली.

यावरून अमेरिका आणि भारत यांच्या भूमिकांतील अंतर स्पष्ट होते. तेथे देणे क्रमांकास अडवू शकत नाही. येथे अडवू शकते, आणि सोडून गेलेल्या क्रमांकाचा पाठलागही करू शकते. याचे समर्थन अशक्य नाही. अल्प रकमेसाठी लक्षावधी ग्राहकांवर दिवाणी दावे लावणे कोणत्याही कंपनीस परवडणार नाही, आणि तो बोजा अखेरीस प्रामाणिक ग्राहकांवरच पडेल. आपल्याकडे बहुसंख्य ग्राहक आगाऊ पैसे भरणारे असल्यामुळे थकबाकीचा अडथळा तुलनेने थोड्यांनाच जाणवतो, हेही खरे. तरी तत्त्व म्हणून क्रमांक हा येथे तारणच राहिला, हे मान्य करावे लागते.

५. संकेतांक कोणी द्यावा?

आरंभीच्या आठ-नऊ वर्षांत भारतातही संकेतांक जुनी कंपनीच देई. ग्राहकाने १९०० या क्रमांकावर संदेश पाठवावा, कंपनीने आठ अक्षरांचा संकेतांक द्यावा, ग्राहकाने तो घेऊन नव्या कंपनीकडे अर्ज करावा, आणि त्यानंतर जुन्या कंपनीने अर्ज तपासून संमती वा नकार कळवावा, असा क्रम होता. नकाराचे कारण खरे की लटके, हे नकार मिळून गेल्यावर शोधावे लागे. डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १६ डिसेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हा क्रम उलटा केला. आता मध्यवर्ती संस्था जुन्या कंपनीकडील माहितीवरून अटी आधीच तपासते, आणि त्या पुऱ्या झाल्या असतील तरच स्वतः संकेतांक देते. सेवाक्षेत्राच्या आतील बदलास तीन आणि बाहेरील बदलास पाच कामकाजाचे दिवस ठरविण्यात आले. नकाराची कारणे जवळजवळ तीच राहिली. बदलले ते निर्णयाचे ठिकाण, आणि ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्याच्या हातून तो निघाला, यातच या दुरुस्तीचे महत्त्व आहे.

या हक्काची खरी कसोटी २०१८ च्या आरंभी लागली. एअरसेल कंपनीने जानेवारीअखेर महाराष्ट्रासह सहा सेवाक्षेत्रांतील सेवा बंद केली आणि पुढील महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. करारातील एक पक्षच नाहीसा होत असताना क्रमांकाचे काय व्हावे? वहनाची व्यवस्था नसती, तर कंपनीबरोबर तिचे क्रमांकही बुडाले असते. व्यवस्था असल्यामुळे ग्राहकांना ते अन्यत्र नेता आले. क्रमांक करारापेक्षा दीर्घायुषी असू शकतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

६. उपसंहार

१९९५ मध्ये क्रमांक हरविणे ही गैरसोय होती. आज बँकेचे व्यवहार, शासकीय सेवा आणि ओळखीची पडताळणी या सर्वांचे परवलीचे आकडे त्याच क्रमांकावर येतात. म्हणून तो चोरण्याचेही प्रयत्न होतात. सिमकार्ड बदलल्यानंतर सात दिवसांच्या आत संकेतांक मिळू नये, असा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, तो याच कारणाने. हक्क जितका मोलाचा झाला, तितकी त्याच्याभोवती राखण वाढली.

नेमक्या याच कारणासाठी तारणाच्या प्रश्नाचा पुनर्विचार झाला पाहिजे, असे वाटते. तारण हे देण्याच्या प्रमाणात असावे, हे व्यवहाराचे जुने तत्त्व आहे. क्रमांकाचे ग्राहकास असलेले मोल आता काहीशे रुपयांच्या बिलाच्या कितीतरी पट झाले आहे. २००९ मध्ये ज्या कलमाने कंपनीच्या वाजवी हिताचे रक्षण केले, तेच कलम आज अप्रमाण ठरण्याचा संभव आहे. कंपनीचे पैसे बुडावेत असा याचा अर्थ नाही. ब्रिटनप्रमाणे बाकी रक्कम आधी स्पष्ट सांगावी आणि अमेरिकेप्रमाणे ती स्वतंत्रपणे वसूल करावी, हा मार्ग उपलब्ध आहे. क्रमांक सार्वजनिक आहे हे तत्त्व आपण एकदा मान्य केल्यावर, तो खाजगी देण्यासाठी गहाण का राहावा, याचे उत्तर विनियमांनी अद्याप दिलेले नाही.