लढाईतली जीप

आमच्या सोप्याला लागून असलेल्या छपरात एक जीप उभी असायची. सारा गाव तिला 'लढाईतली जीप' म्हणायचा. आजोबांनी ती मिलिटरीच्या लिलावात घेतली, असं घरात सांगितलं जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीपा लिलावात निघाल्या होत्या हे खरंच, त्यामुळं शंका कुणी घेतली नाही. बहात्तरच्या दुष्काळात हिच्यातून पाण्याची पिंपं आली. निवडणुकीत भोंगा हिच्यावरच बांधला जाई. आत्याची पाठवणीही हिच्यातूनच झाली. पुढं ती बंद पडली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या.

थोरले चुलते अण्णा रिटायर झाल्यावर त्यांनी ती करायला घेतली. इंजिन उघडून बांधलं, ब्रेक नवे टाकले, पत्रा बदलला, वर हिरवा मिलिटरी रंग आणि बॉनेटवर पांढरा तारा. सीटा, वायरिंग आणि हूड राहिलं, आणि अण्णा गेले.

मग वाटणी निघाली. जीप आमच्या वडलांनी ठेवायची आणि चुलतभावाला अन् आत्याला रोख द्यायचं ठरलं. पण जमीन मोजता येते, घराचे खण मोजता येतात. अर्धवट जीप कशी मोजायची? चुलतभावानं पावत्यांची पिशवी पुढं ठेवली. दोन लाखांच्या वर बेरीज होती. "निदान एवढं तर धराच," तो म्हणाला.

तालुक्याहून एक म्हातारे मिस्त्री आणले. त्यांनी पिशवीकडं बघितलंसुद्धा नाही. "खर्च म्हंजे किंमत न्हवं," एवढंच बोलले. खिशातून चुंबक काढून फडक्यात गुंडाळला आणि पत्र्यावरून फिरवत गेले. जिथं तो धरेना, तिथं रंगाखाली पुट्टी. मग ते पुढच्या जाळीसमोर बसले. लढाईतल्या विलीजच्या जाळीला नऊ फटी, नंतरच्या नागरी गाडीला सात. हिला नऊच होत्या, पण वेल्डिंग ताजं होतं. लढाईतल्या गाडीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, सीट उचलल्याशिवाय झाकण दिसत नाही. हिचं झाकण बाहेरच्या अंगाला. त्या गाडीला मागं फाळका नसतो. हिच्या मागच्या पत्र्यावर दोन उभे जोड रंगातूनही दिसत होते.

"ही लढाईत गेलेलीच न्हाई," मिस्त्री म्हणाले. "कागद आणा."

आरसी बुक देवघरातल्या पेटीत होतं. गाडी १९५२ ची. पहिला मालक मुंबईचा, आजोबांचं नाव दुसरं, १९६१ साली. महिंद्रांनी विलीजचे सुटे भाग मागवून मुंबईत गाड्या जुळवायला घेतल्या होत्या, त्यातलीच ही एक. घरातली गोष्ट खरी ठरावी म्हणून अण्णांनी फाळका काढून पत्रा जोडला होता, जाळी बदलली होती. कळून की न कळून, ते आता कोण सांगणार?

खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं. पैसे आम्ही द्यायचे होते.

पण मिस्त्री बॉनेट उघडून वाकले. इंजिनावरचा नंबर खरवडला, कागदाशी ताडला. जुळला. आमच्या भागात डिझेल स्वस्त म्हणून कितीतरी जीपांची पेट्रोल इंजिनं भंगारात गेली. "हितं किंमत हाय," ते म्हणाले. मग हिशेब सांगितला. पुरी होऊन गाडी कितीला जाईल तो आकडा धरायचा. त्यातून राहिलेलं काम वजा. उलटं झालेलं काम उकलायचा खर्च वजा. रंगाखाली काय निघेल त्याच्यासाठी आणखी थोडं वजा. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण ती मूळ रूपात असावी लागते. म्हणजे तारा आणि नऊ फटी किंमत वाढवत नव्हत्या, खात होत्या. "मूळ जाळी न् फाळका आसता तर येगळी गोष्ट व्हती."

इतका वेळ गप्प बसलेली आत्या म्हणाली, "फाळका? त्यो गव्हाणीला न्हाई का आडवा बांधलेला? सासरी जाताना त्याच्यावरच बसले व्हते मी, पाय सोडून."

आम्ही गोठ्यात गेलो. वासरं पुढं येऊ नयेत म्हणून तारेनं बांधलेला फाळका होता. पाणी मारून शेण धुतलं तशी पत्र्यात उठवलेली 'विलीज' अक्षरं वर आली. जाळी माळ्यावर, पोत्यात सापडली.

मिस्त्रींनी आकडा वाढवला. पावत्यांच्या बेरजेपेक्षा तो कमीच होता, पण चुलतभाऊ काही बोलला नाही. वडलांनी पैसे दिले. गाव अजून लढाईतली जीप म्हणतो. आम्ही कुणाला दुरुस्त करत नाही. फाळका मात्र परत बसवलाय.