आपला किनारा म्हणजे तलावाची पाळ

कोकणचं नाव निघालं की लोक समुद्र, भात आणि मासे एका दमात सांगतात. भात-मासे तर आपल्या गोंदियातही रोजचेच. समुद्र तेवढा नाही. आपला किनारा म्हणजे तलावाची पाळ.

ही पाळ बांधली ती कोहळी लोकांनी, गोंड राजांच्या काळात. जो जंगल तोडून तलाव बांधेल, त्याला त्याखालची जमीन मिळायची. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. पाटलांचं नाव राहिलं. टोपल्यांनी माती वाहणाऱ्या बायाही असतीलच की! त्यांचं एकही नाव आपल्यापर्यंत आलं नाही.

पुढे इंग्रजांच्या राज्यात तलाव मालगुजारांच्या नावे झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव, असं नाव पडलं. तलाव त्यांच्याही आधीचे, पण नाव मात्र मालगुजारांचं! मालक गेला, सरकार लांब. पाळ आणि पाट सांभाळणारे हात कमी झाले. गाळ साचला, काठावर बेशरम माजली.

त्याचा फटका थेट चुलीला बसला. मरळीचा रस्सा, वाळवलेल्या झिंग्यांची चटणी, उपासाचा शिंगाडा, कमळाचे कंद, पाण्यात आपोआप उगवणारं देवधान, हे सगळं तलावाचंच देणं. बारके मासे पाण्याखालच्या वनस्पतींत लपतात, तिथेच अंडी घालतात. झटपट वजन भरणारे रोहू, कटला आणून सोडले, तेव्हा या वनस्पतींकडे कोणी पाहिलं नाही. गवत खाणारा परदेशी मासा सोडला, तिथे तर उरलंसुरलंही गेलं. रोहू-कटला बाजारात विकला जातो, पैसा येतो, ते खरं. पण लेकराच्या ताटात रोज पडायचा तो बारका मासाच.

तलावात काय काय उगवत होतं, हे धीवर बायांना तोंडपाठ असतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात त्यांच्या गटांनी हेच ज्ञान कामाला लावलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की बेशरम मुळासकट उपटायची, तळाची जमीन नांगरायची. पाऊस पडून पाणी भरू लागलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून वनस्पती आणून चिखलात लावायच्या, अगदी रोवणी करतो तशा. रोवणीत तर आपला हात कोण धरणार!