नहरींचें पाणी आणि बागवानाचें पंचांग

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकांतून पैठण दरवाजाकडे वळलें, म्हणजे थोड्याच वेळांत गुलमंडी लागते. चौकाच्या नांवांत १८५७ च्या उठावाची आठवण आहे. बंड करणाऱ्या घोडेस्वारांना तेथल्या काळ्या चबुतऱ्यावर देहान्त शासन झालें, असें शहर सांगतें. गुलमंडीचें नांव त्याहून सौम्य. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. जेथें वर्षाचा पाऊस सुमारें ७०० मिलिमीटर आणि मूळ गांवाचें नांव खडकी, तेथें एका पेठेनें फुलांचें नांव मिरवावें, याचें नवल वाटतें. त्या नवलाचा उलगडा शहराच्या पोटांत आहे.

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकीस राजधानी वसविली. इतिहासाच्या पुस्तकांत तो गनिमी काव्यासाठीं आणि जमीनमहसुलाच्या पद्धतीसाठीं गाजतो. बागवानांनीं त्याचें नांव घ्यावें तें मात्र नहरीसाठीं. उत्तरेकडे हर्सूलच्या बाजूस डोंगरांत मुरलेलें पाणी त्यानें बांधीव भुयारी नळांत घेतलें आणि केवळ जमिनीच्या उतारावर शहरांत आणलें. वाटेंत जागजागीं मनोरे उभारले. त्यांतून कोंडलेली हवा सुटे, गाळ तळाशीं बसे आणि पाणी पुढें चाले. मोट नको, बैल नको, रहाट नको! इराणांतील कनातींशीं या नहर-ए-अंबरीचें जवळचें नातें आहे. पुढें मोगलांच्या आणि निजामाच्या अमदानींत आणखी नहरी झाल्या. जटवाड्याच्या डोंगरांतून आलेल्या नहरीचें पाणी पाणचक्कीवर उंचावरून पडतें. एके काळीं त्याच पाण्यावर फकीर व यात्रेकरूंसाठीं पीठ दळलें जाई.

या पाण्यावर बागा उठल्या. दिलरस बानू बेगम १६५७ त वारली. तिच्या मकबऱ्याभोंवतीं चारबाग आंखली गेली आणि मधल्या वाटेवर कारंज्यांची रांग बसली. दिल्ली दरवाजाजवळ सुमारें ३०० एकरांचा मोगली बाग पसरला, तोच आजचा हिमायत बाग. वाड्यावाड्यांतून हौद भरले आणि हौदांच्या कडेनें मोगरा फुलला.

परंतु नहर होती म्हणून येथला बागवान निश्चिन्त होता, असें मानणें चुकीचें होईल. डोंगराचें पाणी पावसाळ्याच्या मानानें वाढतें व घटतें. म्हणून मराठवाड्याच्या बागाइतीची खरी विद्या पाणी देण्याइतकीच तें तोडण्याची आहे. मोसंबी-लिंबाच्या झाडास पाणी बंद करून ताण द्यावयाचा. पानें मलूल होऊन कांहीं गळलीं, म्हणजे आळें चाळून, खत घालून, बेताबेतानें पुन्हा पाणी सोडावयाचें. झाड मग एकदम फुलावर येतें. माघाच्या सुमारास फुलतो तो आंबे बहार, पावसाच्या तोंडीं येतो तो मृग बहार, आणि पावसाळा सरतांना धरतात तो हस्त बहार. विहिरीस उन्हाळाभर पाणी पुरेल, त्यानेंच आंबे बहार धरावा. ज्याची भिस्त आभाळावर, त्यानें मृगाची वाट पाहावी. कलमांचे खड्डे उन्हाळ्यांतच खणून उन्हानें तापूं द्यावेत आणि एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर कलम लावावें. चैत्र-वैशाखांत आळ्यांत पालापाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते. शहरांतील गच्चीवरच्या कुंड्यांनाही हेंच पंचांग लागू आहे, जरी त्यांच्या मालकांना नक्षत्रें क्वचित् ठाऊक असतात.

हिमायत बागेंत आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें फळ संशोधन केंद्र आहे. बादशाही रमण्याचें असें रूपान्तर थोड्याच बागांच्या नशिबीं आलें असेल. येथेंच चिंचेची ‘प्रतिष्ठान’ ही जात निवडली गेली. प्रतिष्ठान हें पैठणचें प्राचीन नांव. पाण्याची ओढ सोसणारें झाड निवडून त्याचीं कलमें बांधावीं, हा या प्रदेशास शोभणारा विचार होय. कारंज्याच्या काठीं गुलाब फुलविण्यापेक्षां तो कमी दिमाखाचा, पण अधिक शहाणपणाचा आहे.

नहरींची दशा मात्र बरी नाहीं. रस्ते खणतांना, इमारतींचे पाये घालतांना त्या ठिकठिकाणीं फुटल्या, बुजल्या. १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाचें पाणी शहरास मिळतें खरें; परंतु तें दक्षिणेकडून, सुमारें १०० मीटर खालच्या पातळीवरून, यंत्रांनीं उपसून वर चढवावें लागतें. अंबराचें पाणी उताराबरोबर आलें, आजचें पाणी उताराविरुद्ध येतें. वीज गेली कीं पंप थांबतो, आणि पंप थांबला कीं कित्येक घरांत प्रथम आटतें तें बागेचें पाणी. पाणचक्कीच्या हौदांत उत्तरेकडून येणारी धार तेवढी अजून पुष्कळांनीं पाहिलेली आहे.