ठिणगीची वेळ आणि मराठवाड्याचे उस्ताद

नांदेड-लातूरच्या एखाद्या जुन्या गॅरेजात थोडा वेळ बसा. "टायमिंग जरा मागे घे" हे वाक्य कधीतरी कानावर पडेलच. त्या 'जरा'मागे एक इतिहास आहे.

पेट्रोल इंजिनात पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडं आधी प्लगमध्ये ठिणगी पडावी लागते. ती फार लवकर पडली तर इंजिन ठोकायला लागतं. उशिरा पडली तर ताकद जाते आणि इंजिन तापतं. ही योग्य वेळ सगळ्या जगात एकच असेल, असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही.

ब्रिटनची एमजीबी ही प्रसिद्ध स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात तयार झाली. तिच्या सुरुवातीच्या इंजिनाचे दोन प्रकार होते. चांगल्या पेट्रोलसाठी 8.8 कॉम्प्रेशनचं, हलक्या पेट्रोलसाठी 8 चं. पहिल्यात ठिणगी 10 अंश आधी, दुसऱ्यात 8 अंश आधी. पुढे अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी तिथल्या गाड्यांची ठिणगी उशिरा पडेल अशी बांधली. म्हणजे गाडी तीच, पण देशागणिक तिची वेळ वेगळी.

आपल्या भागात मोटारी आल्या त्या निजामाच्या काळात. 1932 मध्ये हैदराबाद संस्थानाच्या रेल्वेने 27 बस आणि 166 कर्मचाऱ्यांसह रस्ता वाहतूक सुरू केली. मशीन परदेशी, माहितीपुस्तक इंग्रजी, ऊन मात्र मराठवाड्याचं. हवा तापलेली असली की इंजिन लवकर ठोकतं. पुढे पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ आली, तेव्हा तर पुस्तकातला आकडा लावून गाडी चालणंच कठीण झालं.

एमजीबी आपल्या गल्लीत कधी आली नाही. आपल्या तरुणांची 'स्पोर्ट्स' गाडी म्हणजे राजदूत 350. यामाहाच्या आरडी 350 वरून एस्कॉर्ट्सने ती 1983 पासून भारतात बनवली. मूळ जपानी गाडी 39 हॉर्सपॉवरची. इथल्या 'हाय टॉर्क'ला साधारण साडेतीस, 'लो टॉर्क'ला 27. पुढची डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला. म्हणजे तीही खास भारतासाठी कापून बेतलेली. सिलिंडर दोन, त्यामुळे पॉइंटचे संचही दोन, आणि दोन्हींची ठिणगी वेगवेगळी जुळवायची. डायल गेज कुणाकडे असणार? पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ कागद धरायचा, तो ज्या क्षणी सुटला तो ठिणगीचा क्षण. बाकी काम कानाचं: चढावर गाडी पळवायची, ठोका ऐकायचा, प्लेट केसभर सरकवायची.

हे काम करणाऱ्यांत आपल्या समाजाचे लोक किती होते, हे वेगळं सांगायला नको. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानेही मोटार दुरुस्ती हा मुस्लिमांचा मोठा वाटा असलेला व्यवसाय म्हणून नोंदवला आहे. पण अहवालात दिसते ती फक्त संख्या. शाळा अर्धवट सोडलेला शागीर्द उस्तादाच्या हाताखाली जे शिकला, ते ज्ञान होतं, याची नोंद कुठे आहे? आपण त्याला 'मिस्त्री' म्हणून मोकळे झालो. कंपनीच्या इंजिनिअरने आपल्या देशासाठी जो आकडा ठरवला, तो आपल्या उन्हासाठी आणि आपल्या पेट्रोलसाठी या माणसाने नव्याने ठरवला. हे तंत्रज्ञानाचं भाषांतरच म्हणायला हवं.

फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिशाविरहित पेट्रोल आलं. पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. आज पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळतात, आणि त्यासाठीचा ऊस लातूर-नांदेडच्या शिवारातही पिकतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं गणित त्यामुळे पुन्हा बदललं आहे. इथेनॉलने ठोका कमी होतो, पण मिश्रण पातळ पडतं, म्हणून जेट बदलावा लागतो.

ते गणित सोडवणारे उस्ताद आता म्हातारे झालेत. मुलं दुसऱ्या कामांकडे वळली. आपण राजांच्या तारखा पाठ करतो; एखाद्या दुपारी वही घेऊन गॅरेजातही बसायला हवं. तारखा पुस्तकात राहतील. कानात साठलेलं मात्र माणसाबरोबर जातं.