कोळसून, उंदीर आणि एक गुहा

कवितेच्या नादामुळे मला शब्दांचा माग काढण्याची सवय लागली. ‘कोळसून’ हा शब्द असाच हाती आला. कोळसून किंवा कोळसुंदा म्हणजे आपला रानकुत्रा. तांबूस अंगाचा, झुपकेदार काळ्या शेपटीचा, टोळीने शिकार करणारा आणि शीळ घालून सोबत्यांना हाकारणारा.

मुंबई सरकारच्या नोकरीत असलेल्या कर्नल सायक्स यांनी दख्खनमध्ये पाहिलेल्या सस्तन प्राण्यांची यादी १८३१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी या प्राण्याला ‘दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा, असे शास्त्रीय नाव दिले आणि मराठे त्याला ‘कोळसून’ म्हणतात, हेही नोंदवले. सायक्स यांच्या कानावर तो शब्द कुणी घातला? धनगराने, की एखाद्या शिकाऱ्याने? इतिहासाने प्राण्याचे नाव जपले, सांगणाऱ्याचे नाही.

पण नाव कळले म्हणजे प्राणी कळला असे होत नाही. पुढे शंभरावर वर्षे कोळसुंदा ‘उपद्रवी’ ठरला. त्याला मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९७२ मध्ये.

लहान प्राण्यांकडे तर कोण पाहणार? शिकाऱ्यांना वाघ-बिबट्यांचे वेड. मात्र १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि उंदीर हा जीवनमरणाचा विषय झाला. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. सुरुवात झाली आपल्या खानदेशातून. उंदीर, चिचुंद्र्या, खारी, वटवाघळे गोळा झाली. कोणता प्राणी कुठे सापडला, याची नोंद ठेवली गेली. माझ्या मते या पाहणीचे खरे मोल इथेच आहे. प्राण्याच्या नावाला त्याचा पत्ता जोडला गेला.

या पत्त्याचे महत्त्व एका वटवाघळाने दाखवून दिले. आजच्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या जंगलात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहे. तिथे प्रेटर या तरुण संग्राहकाला मोठ्या कानांचे एक वटवाघूळ मिळाले. १९१३ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि पाहणीत मोठा वाटा असलेल्या रॉटन यांचे नाव तिला मिळाले. पुढे कितीतरी वर्षे साऱ्या जगात या जातीचा ठाऊक असलेला पत्ता एकच होता, ही गुहा. अलीकडे मेघालयात आणि कंबोडियातही ती आढळली. तोवर त्या गुहेत कुणी धूर केला असता, तर ठाऊक असलेली अख्खी जात संपली असती.

२०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झाले आणि हा परिसर संरक्षित झाला. त्याच वेळी फळे खाणारी बहुतेक वटवाघळे मात्र कायद्याच्या ‘उपद्रवी’ यादीत कावळ्या-उंदरांच्या पंगतीला होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली.

जिराफ कुठे राहतो, हे आपली मुले चटकन सांगतात. गावामागच्या टेकडीवर सायाळ कुठे बीळ करते, साळिंदराचे काटे कुठे पडलेले दिसतात, हे आधी आपल्याला तरी सांगता यायला हवे. गुराख्याला, मेंढपाळाला विचारले तर तो सांगेल. या वेळी त्याचे नावही लिहून ठेवावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)