विमानतळ लाउंज

विमानतळ लाउंज : उड्डाणापूर्वी पात्र प्रवाशांना बैठक, अल्पोपहार व विश्रांतीची सोय देणारा स्वतंत्र कक्ष. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर असा क्लब उघडला (पहा : विमान वाहतूक). प्रवेश बिझनेस क्लासचे तिकीट, सदस्यत्व, बँकेचे कार्ड (पहा : क्रेडिट कार्ड) किंवा शुल्क यांवर मिळतो, बोर्डिंग पास दाखवावा लागतो. भारतात हे कक्ष बहुधा सुरक्षा तपासणीनंतर असतात. बुफे, चहा-कॉफी, वाय-फाय व चार्जिंग या नेहमीच्या सोयी; शॉवर मोजक्या ठिकाणी. मुक्काम साधारणतः २-३ तासांपुरता मर्यादित असतो. अनेक कक्षांत उड्डाणाची उद्‌घोषणा होत नसल्याने फलक पाहावा लागतो. कार्डांच्या प्रसाराने ही सोय मध्यमवर्गापर्यंत पोहोचली व गर्दीही वाढली.