यंत्राचा इशारा आणि घरचा होकार

बेळगावची उद्यमबाग ही फाउंड्र्यांची आणि यंत्रभागांची वसाहत. मोजमाप केल्यावाचून तेथील एकही नग बाहेर पडत नाही. त्याच शहराच्या नेहरूनगरात १९६३ साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि पुढे अर्ध्या शतकाने मोजमापाचे एक नवे साधन खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या दारी नेण्याचे कार्य या संस्थेने अंगावर घेतले.

गर्भारपणी रक्तदाब वाढावा, लघवीतून प्रथिने जाऊ लागावीत आणि अखेर आकडी यावी, हा विकार माता व मूल या दोघांच्याही जिवावर उठतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी या धोक्याचे गणित मांडून २०१४ साली प्रसिद्ध केले व त्यावरून मोबाईलवरील एक अ‍ॅप तयार झाले. बाळंतपण कितवे, महिना कितवा, डोके दुखते काय, डोळ्यांपुढे अंधारी येते काय, रक्तदाब किती, अशी माहिती भरली की रुग्णालयात किती तातडीने न्यावे हे त्यातून कळे. २०१४ ते २०१६ या काळात बेळगाव व बागलकोट जिल्ह्यांतील आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका ते घेऊन फिरल्या. पाकिस्तान व मोझांबिक येथेही तोच प्रयोग झाला.

२०२० साली निष्कर्ष बाहेर आले, ते आशाभंग करणारे होते. मृत्यू व गंभीर व्याधी यांच्या एकूण प्रमाणात ठळक घट झाली नव्हती. ज्यांच्या भेटी आठ किंवा अधिक झाल्या, त्यांच्या बाबतीत चित्र काहीसे बरे दिसले. अर्थात ज्यांचे दिवस सुखरूप भरत गेले त्यांच्याच भेटी वाढणार, हेही ध्यानी घ्यावयास हवे.

अमेरिकेत अशा साधनांचा उगम निराळ्या हेतूने झाला होता. डॉक्टर व रोगी यांनी निर्णय मिळून घ्यावा, असा पुरस्कार तेथील राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने १९८२ साली केला. त्याच दशकाच्या अखेरीस जॉन वेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनी प्रोस्टेट ग्रंथीच्या रोग्यांसाठी चित्रतबकड्या काढल्या. शस्त्रक्रिया करावी की वाट पाहावी, दोहोंत काय मिळते व काय गमवावे लागते, हे रोगी स्वतः पाहून ठरवी. आपल्याकडेही २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात, उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके समजावल्यावाचून घेतलेली संमती ही संमती नव्हे, असा निर्वाळा दिला.

बेळगावकडील साधन मात्र रोग्याच्या नव्हे, सेविकेच्या हाती होते. त्याचा सल्ला गर्भवतीपर्यंत पोचला तरी तिचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडणे हे बहुधा नवरा व सासू यांच्या मर्जीवर होते. वाहन कोठून आणावे, पैसा कोणी द्यावा, हेही प्रश्न होतेच. प्रयोग आखणाऱ्यांना याची जाणीव होती. म्हणून त्यांनी गावोगाव सभा घेऊन घरच्या कर्त्या माणसांना धोक्याची लक्षणे समजावली, गाडीभाड्याची तजवीज आधीच करून ठेवावयास सांगितले, आणि सुनेला रुग्णालयात नेण्याचा होकार, प्रसंग येण्यापूर्वीच, त्यांच्याकडून मागून घेतला.